ऑइल कधी बदलायचं

“पण चाचा, किती किलोमीटरनंतर बदलायचं, तेवढंच सांगा ना. पाच हजार की दहा हजार?”

मगदूम सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्री सरांच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. त्यांनी तिसऱ्यांदाही उत्तर दिलं नाही.

मिरजेत मिस्त्रींचं गॅरेज लहान, पण नाव मोठं. गाडी दाखवायला येणारे जितके, तितकेच नुसते त्यांच्यापाशी बसायला येणारे. निवृत्त मुख्याध्यापक मगदूम सर बसायला येणाऱ्यांतले. दर गुरुवारी यायचे, चाचांचं बोलणं वहीत उतरवायचे आणि मग ते चारचौघांत ऐकवायचे. आपण चाचांचे पट्टशिष्य, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. चाचांना कुणी विचारलंही नव्हतं.

माझी स्कूटर तिथे उघडून पडली होती, म्हणून त्या दिवशीचं सगळं मला ऐकावं लागलं.

“पुस्तकात दहा हजार लिहिलंय,” सर म्हणाले. “माझी गाडी तीन वर्षांत सात हजारही चालली नाही. म्हणजे ऑइलचा प्रश्नच येत नाही. सुबरावनंच गाडीची वाट लावली.”

सुबराव ऐवळे सरांचा ड्रायव्हर. अकरा वर्षं तो सरांकडे गाडी चालवत होता. गेल्या महिन्यात सरांच्या लेकीच्या होणाऱ्या सासरच्यांना घेऊन जाताना इंजिन खडखडायला लागलं, मागून धूर निघाला. सरांनी तिथेच, पाहुण्यांदेखत, सुबरावच्या हातातून किल्ली काढून घेतली. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले.

“आता एका शाळेच्या बसवर त्याला घ्यायचं चाललंय. माणूस कसा आहे, म्हणून त्यांनी मला फोन केला होता. आज कळवायचंय. तुम्ही एक आकडा सांगितलात की माझ्या मनाला खात्री होईल. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, चाचा.”

चाचांनी इंजिनातून ऑइल मापायची डिपस्टिक ओढून काढली.

“हात पुढं करा.”

सरांनी तळवा पुढे केला. चाचांनी डिपस्टिकच्या टोकाचं ऑइल त्यावर पुसलं. काळंकुट्ट, चिकट.

“चोळून बघा.”

सरांनी अंगठ्यानं चोळलं. “…कचकचतंय.”

ते हात पुसायला काही मिळतंय का बघू लागले. फडकं चाचांच्या खांद्यावरच होतं. चाचांनी ते दिलं नाही.

“पुस्तक आहे गाडीत?”

“आहे की.”

“वाचा.”

सरांनी स्वच्छ हातानं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि वर्गात सांगावं तसं मराठीत सांगायला लागले. “इंजिन ऑइल दर दहा हजार किलोमीटरनंतर बदलावे…”

“पुढं?”

सर पुस्तक मिटायला लागले.

“पूर्णविराम आहे का तिथं?”

“नाही.” सरांचा आवाज एकदम उतरला. “…किंवा दर बारा महिन्यांनी. यांपैकी जे आधी होईल ते.”

मला वाटलं, झालं. सरांची चूक कळली, आता चहा येईल. चाचा मात्र सरांकडे बघत राहिले.

“हे आज पहिल्यांदा वाचलंत?”

सरांनी पुस्तक मिटलं.

मलाच तिथून उठून जावंसं वाटू लागलं.

“नाही,” सर म्हणाले. “सुबरावनं दाखवलं होतं. त्याच्या लेकीकडून वाचून घेतलं होतं त्यानं. या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला होता माझ्यासमोर… दोनदा.”

“मग?”

“मी म्हणालो, आता तू मला वाचायला शिकवणार?”

चाचांनी डिपस्टिक परत जागेवर बसवली.

“पाहुण्यांसमोर तो काही बोलला?”

“काही नाही. मान खाली घालून उभा राहिला.” सरांनी पुस्तक परत गाडीत ठेवलं. “मला भीती वाटली होती, तो बोलेल. म्हणूनच मी आवाज चढवला, चाचा.”

सरांचे डोळे भरून आले. डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला आणि तळव्यावरचं काळं बघून तसाच खाली घेतला. सत्तरीच्या माणसाला इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मीही माझ्या स्कूटरकडे बघत बसलो.

थोड्या वेळानं सरांनी मोबाइल काढला आणि शाळेला फोन लावला. माणूस सोन्यासारखा आहे, म्हणाले. चूक माझी होती, असंही म्हणाले. पण ते जरा हळू आवाजात.

फोन ठेवून ते चाचांकडे वळले.

“सुबरावकडेही जाईन मी. त्याच्या बायकोसमोर, लेकीसमोर माफी मागेन. पण आज नको, चाचा. आज आतून नुसतं पेटलंय. चार दिवस जाऊ देत… जरा शांत झालो की जातो.”

चाचांनी बॉनेट खाली घेतलं.

“इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढायचं असतंय, सर. थंड झालं की घाण तळाला धरून बसती.”