पाठ करून उभा राहिलेला बगळा

डोंगराच्या कुशीत एक दाट जंगल होते, आणि त्यातून वाहणारा ओढा दर उन्हाळ्यात आटत असे. म्हणून त्या वर्षी सिंहाने फर्मान काढले, "उन्हं तापायच्या आत ओढ्यावर बांध घाला. ज्याच्या चुकीने काम बिघडेल, तो माझ्या पंजातून सुटणार नाही." मग साळिंदर माती उकरू लागले, रानडुक्कर ती ढकलत आणू लागले, माकडीण दगड रचू लागली आणि घूस फटींत चिखल भरू लागली. राबत सगळेच होते, पण बांधाआड पाणी काही साचेना.

का साचत नाही, ते एकट्या घुशीला ठाऊक होते. तिचे बीळ बांधाच्या खालून जात होते आणि त्यातूनच पाणी पलीकडे झिरपत होते. बिळाच्या एका कोरड्या कोपऱ्यात तिची पिल्ले होती, अजून डोळेही न उघडलेली. उद्या बांध फुटला, तर आधी तीच वाहून जाणार. बरे, सांगून टाकावे, तर सिंह पिल्लांसकट तिचा फडशा पाडणार. नवे बीळ खणायचे म्हटले, तरी सगळ्यांच्या देखत कसे खणणार? बिचारी आतल्या आत कुढत होती आणि चिखल थापत होती.

काम रखडलेले पाहून सिंहाने एक बगळा धाडला. मुलांनो, बगळ्याविषयी फारसे चांगले कुणी बोलत नाही, आणि मीही त्याची वकिली करायला बसलेलो नाही. तो आला आणि म्हणाला, "मी बांधकामाला आलेलो नाही. रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहायचं. बसायचं नाही, बसलं की बोलणं लांबतं. ज्याचं जिथे अडलंय, ते त्याने तिथेच सांगून टाकायचं."

माकडीण साळिंदराच्या कानाशी लागली. "मातीचं ढेकूळ उचलत नाही, चिखलाला पाय लावत नाही, आणि संध्याकाळी उडतो तो थेट सिंहाच्या गुहेकडे. कशाला जात असेल रे?"

"आपल्या चहाड्या करायला. दुसरं काय?" साळिंदर म्हणाले.

झाले! दुसऱ्या दिवसापासून जो तो बगळ्याकडे बघून एकच सांगू लागला, "कुठेच अडलेलं नाही, बगळेबुवा. सगळं झकास चाललंय." साळिंदराची नखे झिजून बोथट झाली होती, रानडुकराची मान आखडली होती, तरी सगळे झकासच. घूस तर सगळ्यांच्या आधी 'झकास' म्हणून मोकळी व्हायची.

एकदा माकडिणीने तोंडावरच विचारले, "रोज सिंहाला काय सांगता हो?"

"काम चालू आहे, घाई करू नका, एवढंच सांगतो," बगळा म्हणाला. ते खरे होते का? कोण जाणे! गुहेत त्या दोघांशिवाय तिसरे कुणी नसायचे. माकडिणीचा तर त्यावर मुळीच विश्वास बसला नाही.

मग एका सकाळी बगळ्याने वेगळेच काही केले. तो आला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. "तुम्ही सगळे माझ्याशीच बोलता," तो म्हणाला. "बांध मी बांधणार आहे का? बोलायचं ते एकमेकांशी बोला."

"ही नवीन लबाडी!" माकडीण पुटपुटली. पण बघायला बगळ्याचे तोंड नव्हते, तेव्हा नाइलाजाने ते एकमेकांकडे बघू लागले.

"अरे, तुझ्या नखांना झालंय काय?" रानडुकराने साळिंदराला विचारले.

"काय होणार? तू दाखवतोस तिथली माती म्हणजे नुसता खडक आहे."

"मग बोलायचं नाही का? मला काय स्वप्न पडणार आहे?" रानडुक्कर गुरगुरले आणि तेवढ्याच रागात घुशीकडे वळले. "आणि घूसताई, तुझ्या बाजूला बांधापलीकडची जमीन सारखी ओली का असते? मी रोज घसरतो तिथे."

घुशीने बगळ्याकडे पाहिले. त्याची पाठ तशीच होती. "बांधाखाली माझं बीळ आहे," ती रडत म्हणाली. "पिल्लं आहेत त्यात. भीतीपोटी लपवलं मी. त्यांना काही करू नका."

"आधी सांगायला काय झालं होतं गं, बाई!" माकडीण ओरडली. "चल, दाखव कुठे आहेत ती." तिने पिल्ले छातीशी धरून उंचावर नेली. साळिंदराने बोथट नखांनीच तिथे नवे बीळ खणले. रानडुकराने जुन्या बिळात दगडमाती ठासली आणि घुशीने वरून चिखल लिंपला. बगळ्याने मात्र वळूनसुद्धा पाहिले नाही. याचा मला अजून राग येतो.

हळूहळू पाणी साचले. सिंह पाहायला आला, पोटभर पाणी प्याला आणि बगळ्याला म्हणाला, "इतके दिवस पाणी साचत नव्हतं, ते कुणाच्या चुकीने?"

आता हा सगळे ओकणार, अशी माकडिणीची खात्रीच होती.

"महाराज, मी पाठ करून उभा होतो," बगळा म्हणाला. "ज्यांनी बांध घातला, त्यांना विचारा."

सिंह वळला. रानडुक्कर पुढे झाले. "बांध आमचा, महाराज. गळतीही आमचीच. आम्हीच ती बुजवली."

"आमची म्हणजे नेमकी कुणाची?" सिंहाने दरडावले.

"आमचीच," साळिंदर म्हणाले.

"आमचीच," माकडीण म्हणाली, आणि तिने घुशीला हळूच आपल्या मागे घेतले.

सिंहाने एकेकाकडे रोखून पाहिले. मग तो पुन्हा पाण्याकडे वळला, आणखी थोडे पाणी प्याला आणि निघून गेला.

तात्पर्य : आपली अडचण विचारणारा कुणाचा माणूस आहे, याची शंका खुशाल घ्यावी, पण त्या शंकेपायी आपल्याच सोबत्यांपासून अडचण लपवू नये, कारण शेवटी पाठीशी उभे राहायचे असते ते त्यांनीच.