कप्तानाची धडक

आषाढात कालव्यातल्या बार्जने चांगुणाबाईंच्या दिराची होडी फोडली. चौकशीत कप्तान ऐटीत म्हणाला, “होडीच मध्ये आडवी आली! माझ्या धडकेने उडून काठावर पडली.” साहेबांनी मान डोलावली. आता दिराचा परवाना जाणार, हे चांगुणाबाईंनी ओळखलं. पावसाळाभर होड्या काठावर ओंडक्यांवर चढवून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारतात, हे साहेबांना कुठून ठाऊक असणार?

साक्षीला उभ्या राहून त्या म्हणाल्या, “खरंय, साहेब. कप्तानांच्या हातात जादूच आहे! एका धडकेत होडी काठावर नेली, खाली ओंडके लावले, वर झाप शाकारून दोरसुद्धा आवळला. जाऊन बघा, कूस फुटली तरी अजून तशीच ओंडक्यांवर आहे. एवढ्याला आमचा अख्खा कोळीवाडा राबतो. पुढच्या आषाढात बाकीच्या होड्यांनाही एकेक धडक द्याल का, कप्तानसाहेब?”