गाळाची पाटी

फार पूर्वी एका डोंगराच्या अलीकडे एक राज्य होते आणि पलीकडे दुसरे. दोन्हीकडे पाऊस सारखाच, तळेही तेवढेच. पण अलीकडच्या राजाचे तळे दर उन्हाळ्यात आटे. त्यावरचा खर्च मात्र कधी आटत नसे.

राजाने म्हाताऱ्या कारकुनाला बोलावले. "पलीकडचे लोक तळ्यावर किती खर्च करतात, पाहून या."

कारकुनाने तीन राजांच्या हुकमावरून वहाणा झिजवल्या होत्या. आता त्याला कशाचाच उत्साह नव्हता. पण त्याची बायको रोज कोसभरावरून हंडा आणी आणि वाटेत तीनदा खाली टेकवी. निदान तिच्यासाठी म्हणून तो निघाला.

महिन्याने त्याने दोन पानी टिपण राजापुढे ठेवले. पहिल्या पानावर आकडे होते. आपल्या तळ्यावर हजार मोहरा, त्यांच्या तळ्यावर चारशे, आणि तरी त्यांचे पाणी ज्येष्ठातही टिकते.

"मग आपलाही खर्च उद्यापासून चारशे," राजा खूश होऊन म्हणाला.

"महाराज, पान उलटावे."

"सार कळले आम्हाला." राजा उठून गेलाही.

खर्च कापला, तेव्हा गाळ उपसणारे मजूर घरी बसले. देखरेख करणारे तेवढे राहिले, कारण ते राजाचे मेहुणे होते. पुढच्या चैत्रातच तळ्याला भेगा पडल्या. कारकुनाची बायको आता दोन कोस चाले. एक दिवस ती रिकामा हंडा घेऊन वाटेतच बसली. "आता नाही होत माझ्याच्यानं," म्हणाली. कारकुनाला रडू आले.

राजवाड्याची विहीरही आटली. राजा म्हणाला, "पुन्हा एकदा जाऊन या."

"या वेळी आपणही चला महाराज. मी सांगून थकलो."

दोघे डोंगर ओलांडून गेले. तहानलेला राजा तळ्याशी वाकला, तोच एका म्हातारीने त्याला अडवले. "थांबा पाव्हणं. आमच्यात गाळाची एक पाटी टाकल्याबिगर कुणी पाणी पीत नाही. आमचा राजाबी सकाळीच टाकून गेला."

राजाने पाटी उचलली, बांधापर्यंत नेली, मग पाणी प्याला. खांद्यावरून चिखल गळत होता.

"हे तुम्ही टिपणात का लिहिले नाही?"

"लिहिले होते महाराज. दुसऱ्या पानावर."

राजाने मान खाली घातली. घरी परतल्यावर पहिली पाटी त्याने स्वतः उचलली. दुसरी मेहुण्यांच्या डोक्यावर दिली.

तात्पर्य: शेजाऱ्याचा खर्च मोजायला जाल, तर त्याचा घामही मोजून आणा.