सारसांचं तळं आणि ठकूच्या म्हशी

एका गावात एक तळं होतं, आणि त्या तळ्यावर राजाचा फार जीव होता. कारण दर पावसाळ्यात तिथे सारस घरटी करायचे. सारस म्हणजे जवळजवळ माणसाएवढा उंच, राखाडी अंगाचा, लाल मानेचा पक्षी. सारसाची जोडी जन्मभर मोडत नाही असं गावकरी मानत, आणि नव्या नवरानवरीला आधी तळ्यावर नेऊन सारस दाखवत.

गावात गवळी होते. त्यांच्या म्हशी दिवसभर तळ्यात डुंबायच्या, काठाचं गवत खायच्या आणि संध्याकाळी चिखलाने माखून घरी यायच्या. ठकू नावाची एक गवळण होती. तिच्या दारात बारा म्हशी होत्या आणि तोंडात एकही गोड शब्द नव्हता, पण मनाने बाई सरळ होती.

एके वर्षी पाऊस रुसला. बाहेरचं गवत वाळलं, तेव्हा गवळ्यांनी आपलाच जुना रिवाज मोडला. सारस अंडी घालतात त्या दिवसांत तळ्याच्या पूर्वेकडच्या काठाला कुणी जायचं नाही, असा तो रिवाज होता. त्या वर्षी सगळ्यांनी म्हशी तिकडेच सोडल्या. नेमका त्याच दिवशी राजा सारस पाहायला आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एका म्हशीचा खूर सारसाच्या घरट्यात पडला. दोन अंडी होती, दोन्ही फुटली. मादी कितीतरी वेळ त्या चिखलाभोवती ओरडत फिरत होती. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी पिटली. "तळं आणि भोवतालचं रान आजपासून राखीव! आत म्हैस दिसता कामा नये, गावचा माणूस दिसता कामा नये!" काटेरी कुंपण आलं. पहारेकरी आले. पहारेकऱ्यांना सारस आणि बगळा यांतला फरक ठाऊक नव्हता, पण त्यांच्या मिशा मोठ्या झुपकेदार होत्या.

पहिल्या वर्षी सगळं हिरवंगार झालं. राजा खूश झाला. दुसऱ्या वर्षी गवत कमरेइतकं वाढलं. "रान किती माजलंय पाहा, महाराज," प्रधान कौतुकाने म्हणाला. तिसऱ्या वर्षी गवत आणि लव्हाळं तळ्याच्या मध्यापर्यंत पोचलं. पाणी होतं, पण ते दिसेना. सारसांची एक जोडी आली, तळ्यावर दोन घिरट्या घालून निघून गेली. चौथ्या वर्षी एकही सारस आला नाही.

राजाने शंभर माणसं गवत कापायला लावली. ती वरून कापत गेली आणि गवत खालून फुटत गेलं. मग लांबून एक पंडित बोलावला. त्याने तीन दिवस दुधातुपाचं जेवण करून सल्ला दिला, "कुंपण अजून उंच करा." कुंपण उंच झालं, पण सारस काही आले नाहीत.

इकडे गवळ्यांचे हाल कुत्रा खाईना. अर्ध्यांनी म्हशी विकून गाव सोडलं. ठकूच्या बारा म्हशींच्या चार उरल्या. गावाबाहेरच्या एका डबक्यात ती त्यांना डुंबवायची. आणखी एक उन्हाळा असाच गेला असता, तर त्याही विकाव्या लागल्या असत्या.

एके सकाळी राजा एकटाच, खिन्न मनाने, कुंपणाबाहेरून पायी चालला होता. चालता चालता तो त्या डबक्यापाशी आला आणि जागीच थबकला. डबक्यात ठकूच्या चार म्हशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध सारसांची एक जोडी निवांत चरत होती.

"हे इथे कसे?" राजा पुटपुटला.

"मग कुठं जातील बिचारे?" काठावर बसलेली ठकू म्हणाली. राजाला ओळखून ती उठून उभी राहिली, पण आवाज काही खाली आला नाही. "म्हशी गवत खातात, खुरांनी मुळं उखडतात. पाणी मोकळं राहतं. मोकळ्या उथळ पाण्यात सारसाला त्याचं खाणं दिसतं. तुमच्या तळ्यात त्याला पाय टाकायला जागा आहे का?"

"हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"आम्ही अकरा जण वाड्यावर आलो होतो, महाराज. म्हशींचा वास येतो म्हणून तुमच्या दरवानाने आम्हाला बाहेरूनच हाकललं."

राजाची मान खाली गेली. मग त्याने हळूच विचारलं, "पण ती अंडी? ती तर मी स्वतः पाहिली."

"ती माझ्याच म्हशीने फोडली," ठकू म्हणाली. "रिवाज आमचा होता आणि मोडलाही आम्हीच. त्याची लाज मला आजही वाटते."

राजाला तिचं ते बोलणं फार आवडलं. "ठीक आहे! उद्यापासून सगळ्या म्हशी तळ्यात सोडा. हा माझा हुकूम!"

"हुकूम नको, महाराज."

"नको?"

"एका हुकमाने आम्ही बाहेर गेलो, दुसऱ्याने आत येऊ. तिसरा कधी निघेल याचा काय भरवसा? त्यापेक्षा आमच्याबरोबर बसा. काय करायचं ते मिळून ठरवू."

राजाने असं कधी ऐकलं नव्हतं. पण तो बसला. तळ्याकाठच्या जांभळाखाली बैठक भरली. गावचे पाच जण, वाड्यावरचे दोघे आणि स्वतः राजा. प्रधानाने नाकाला रुमाल लावला, पण तोही आला. दोन दिवस वादावादी झाली, आवाज चढले, चहाडीचुगली झाली, आणि अखेर ठरलं. कुंपण काढायचं. एरवी म्हशी तळ्यात जातील. आषाढ ते भाद्रपद मात्र पूर्वेच्या काठावर चुन्याने रंगवलेल्या दगडांची रांग असेल, आणि त्या रांगेपलीकडे कुणीही जायचं नाही. "कुणीही" म्हणताना सगळ्यांनी हात वर केले. राजानेही केला.

दोन वर्षांत पाणी मोकळं झालं. गेलेले गवळी परतले. सारसही परतले, आणि श्रावणात पूर्वेच्या काठावर अंडी फुटून पिलं बाहेर आली.

ही बातमी ऐकून भाद्रपद संपायच्या आतच शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला. आपल्या राजाने त्याला ऐटीत तळ्यावर आणलं. घरट्यांजवळ न्यायला होडी तयार होती. पांढऱ्या दगडांपाशी ठकू उभी होती, आणि तिच्या मागे तिच्या म्हशी दाव्याला बांधलेल्या होत्या.

"बाजूला हो," प्रधान ओरडला. "महाराज आलेत, दिसत नाही?"

"दिसतंय की," ठकू म्हणाली. राजाला अडवल्यावर काय होतं ते तिला ठाऊक होतं, तरी ती जागची हलली नाही. तिने हात जोडले. "महाराज, माझी म्हैस व्यायला झाली आहे, ताज्या गवतासाठी ओरडते आहे. तिलाही मी आज दगडांपलीकडे सोडलं नाही. आता तुम्हीच सांगा."

पाहुणा हसला. "तुझ्याच राज्यात तुलाच अडवतात?"

राजाचे कान लाल झाले. पाहुण्यासमोर असा पाणउतारा! एक पाऊल टाकलं असतं तर त्याला अडवायची कुणाची छाती होती? पण दगडापलीकडे आपलं पाऊल पडलं की उद्या प्रधानाचं पडेल, परवा गवळ्यांच्या म्हशी जातील, आणि पुन्हा एकदा ती मादी चिखलाभोवती ओरडत फिरेल, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"अडवलं नाही," राजा म्हणाला. "त्या बैठकीत मीही हात वर केला होता, त्याची ठकूबाईंनी आठवण करून दिली."

आणि भरजरी कपड्यांसकट तो पांढऱ्या दगडाला टेकून ओल्या गवतावर बसला. पाहुण्यालाही बसावं लागलं.

बऱ्याच वेळाने लव्हाळ्यातून सारसाची जोडी बाहेर आली. मागे एक तपकिरी पिल्लू धडपडत होतं. पाण्याच्या कडेला येऊन ते तिघं शांतपणे चरू लागले.

पाहुणा कुजबुजला, "कुंपण नाही, पहारा नाही. मग हे राखतं कोण?"

राजाने ठकूकडे पाहिलं. ठकूने राजाकडे पाहिलं. मागून म्हैस मोठ्याने रेकली, तेव्हा दोघांनाही हसू आलं.

तात्पर्य: रान राखायचं असेल, तर रानाच्या दारात राहणाऱ्यांना सोबत बसवून नियम करावा. आणि तो नियम आपल्यालाही अडवतो, हे आधी आपण मान्य करावं.