आबासाहेबांची चाचणी

खोटं वाटलं तर चहा पाजू नका, पण आमच्या दूध डेअरीत कॉम्प्युटरला नवी ऑपरेटिंग सिस्टीम घ्यायची होती. महिनाभर फुकट वापरून बघायची सोय होती, पण चेअरमन आबासाहेब गरजले, "एवढी मोठी कंपनी! चाचणी घेणं म्हणजे अपमान. आजच लायसन्स घ्या!"

क्लार्क सुलभाताईंना वेगळीच काळजी. फॅट मोजायचं मशीन नव्या सिस्टीमवर चाललं नाही, तर सकाळचं दूध नासणार आणि नोकरी त्यांचीच जाणार.

"बरं," त्या चाचरत म्हणाल्या, "मग उद्यापासून दुधाचीही चाचणी बंद. गुंडाप्पांचे कॅन तसेच ओतून घेते."

"त्या गुंड्याचे? अहो, अर्धी विहीर असते त्यात!"

"पण घराणं केवढं मोठं त्यांचं!"

आबासाहेब मिशी कुरवाळत म्हणाले, "महिनाभर वापरून बघा."