गुणगुणत्या टेकाडावरची परात

वाळवंटातल्या रतनसर गावी आलेला पाहुणा उंटावर बसतो, कठपुतळ्यांचा खेळ बघतो. पण गावाबाहेरच्या वाळूच्या टेकाडावरून पितळी परातीत बसून घसरल्याशिवाय त्याची सहल पुरी झाली, असं गाव मानत नाही. हा खेळ कुठून आला, ते म्हातारा वाटाड्या खेताराम पायथ्याच्या खेजडीच्या झाडाखाली पाहुण्यांना बसवून सांगतो.

फार पूर्वी या टेकाडावर पाय ठेवायला बंदी होती म्हणे. वर देवी निजली आहे, तिची झोप मोडली तर वाळू गावावर चालून येईल, असं वाडवडिलांनी बजावलेलं. जो चढेल त्याला गाव कायमचं बंद.

गावात धापू नावाची एक विधवा होती. एका सकाळी वादळ ओसरलं आणि बाजरीचं पीठ मळताना तिला टेकाडापलीकडून उंटांच्या घंटा ऐकू आल्या, पाठोपाठ माणसांच्या क्षीण हाका. व्यापाऱ्यांचा तांडा वाट चुकला होता. वळसा घालून जायचं तर दिवस मावळला असता, आणि तहानलेली माणसं तोवर तगली नसती. गावचा मुखिया जोरावर हळहळला, पण वर जायची परवानगी देईना. धापूने परात रिकामी केली, पाण्याची कातडी मशक पाठीवर घेतली आणि सगळ्यांदेखत टेकाड चढू लागली.

माथ्यावर उभी राहून तिने परात बडवली. त्या आवाजाच्या रोखाने तांडा वर आला, पाणी प्यायला. धडधाकट होते ते उंटांना घेऊन खाली निघाले. एका म्हाताऱ्याचे पाय मात्र उचलेनात. धापूने त्याला परातीत बसवलं, मागून घट्ट धरलं आणि टाचेने वाळू रेटली.

परात सुसाट सुटली. आणि अख्खं टेकाड घुमू लागलं, एखाद्या बाईने जात्यावर बसून सूर धरावा तसं! खाली बायकांनी पोरं उचलली. जोरावर काठी घेऊन पुढे धावला. परात त्याच्या पायाशी येऊन थांबली, तर दाढीभर वाळू माखलेला म्हातारा हसत सुटलेला. तो म्हणाला, "बाई, अजून एकदा नेशील का वर?"

"देवी जागी झाली," जोरावर म्हणाला. "आता हिला गावात ठेवायचं नाही."

"जागी झाली, खरंय," धापू म्हणाली. "पण रागावलेली बाई कधी गुणगुणते का, मुखियाजी?"

जोरावर कान देऊन उभा राहिला. वाळूतला सूर अजून विरत होता. मग त्याने काठी टाकली, जोडे काढले आणि धापूकडे परात मागितली.

आजही रतनसरला पहिली परात सर्वांत वयस्कर पाहुण्याला मिळते. गुडघे दुखतात म्हणून आजोबा आढेवेढे घेतात, नातवंडं ढकलत वर नेतात. आणि खाली पोचल्यावर, असं सांगतात, एकही आजोबा आजवर एका फेरीत परातीतून उठलेला नाही.