गुडघ्यांची पायरी

जरा थांबा, त्या पायरीवर पाय देऊ नका. ओलांडून वर या. फोटो खुशाल काढा, पण बाजूला उभे राहून.

जांभ्या दगडाची ही पायरी आमच्या चिनीमळ्याच्या तोंडाशीच आहे. तिच्यावर शेजारी शेजारी दोन खळगे दिसतात ना? तुमच्यासारखे पाहुणे आले की कोणी म्हणतो भीम टेकला असेल, कोणी म्हणतो जुने उखळ आहे. ज्याला जे वाटेल ते म्हणावे, म्हणणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार? पण आमच्या वाडीत तिची हकिकत वेगळी सांगतात, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

साहेबाच्या अमलात या डोंगरावर एक कैदखाना होता, आणि त्यात समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी होते म्हणे. शिक्षा संपल्यावर परत जायला सगळ्यांनाच कुठून जमणार? काही इथेच राहिले. झऱ्याकाठची जमीन नीट करून मुळा, कोबी, बटाटा पिकवू लागले. त्यातलाच एक लिम. लोकांनी त्याचा लिमबाबा केला. इथल्याच भागीरथी नावाच्या एका विधवेशी त्याने घर मांडले. मुलगा झाला, त्याचे नाव बापाने आसेंग ठेवले आणि वाडीने शेंगू केले. पोर रांगते असतानाच आई गेली. मग लिमबाबा त्याला पाठीला बांधून कोबीची रोपे लावायचा, असे सांगतात.

लिमबाबाच्या मुलखात एक रीत होती. बाप साठीला आला की मुलाने त्याची शवपेटी करून घरात आणून ठेवायची. आपल्याला ऐकूनच कसेसे होते, पण त्यांच्यात तो मान. दरवर्षी पेटीला तेल पाजायचे, आणि म्हाताऱ्याने आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवायची. दुसरीही एक रीत होती. बाप जाताना मुलाने उशाशी हात धरून बसायचे. ज्याला ते साधले नाही, त्याने घरापर्यंत गुडघ्यांवर यायचे आणि मेलेल्या बापाची माफी मागायची. दोन्ही रीती लिमबाबाने मुलाला लहानपणीच सांगितल्या होत्या.

लिमबाबा साठीला आला तेव्हा त्याने पेटीचा विषय एकदा काढला. शेंगू त्या वेळी ऐन जवानीत, तालमीत घुमणारा. त्याआधीच ही रीत चावडीवर कळली होती आणि पोरे त्याची टर उडवत होती, "काय रं शेंग्या, म्हातारा जित्ता हाय तवरच सरण रचतोस व्हय?" शेंगूला बापाच्या तोडक्या बोलण्याची लाज वाटे, त्याच्या पांढऱ्या वेणीची लाज वाटे. तो म्हणाला, "बा, असलं काय हितं चालत न्हाय." लिमबाबा "बरं" म्हणाला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

पुढे काही वर्षांनी म्हातारा अंथरुणाला खिळला. खोकल्यातून रक्त पडू लागले, वैद्याने मान हलवली. तेव्हा डोंगरावर उरलेले दोघे-चौघे जुने चिनी त्याला भेटायला आले. त्यांनी भिंतीकडचा कोपरा पाहिला. पेटी असायला हवी होती तिथे बटाट्याची पोती होती. मग एकमेकांकडे पाहिले. शेंगूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. इतकी वर्षे त्याला बापाच्या रीतीची लाज वाटत होती, आता ती न पाळल्याची वाटू लागली. लाज तीच, फक्त पाहणारे डोळे बदलले.

त्याने तडक गाडी जुंपली. घाट उतरून कोकणात जायचे, फणसाचे उत्तम लाकूड घ्यायचे आणि पेटी करवूनच वर यायचे. निघताना लिमबाबाने त्याचे मनगट धरले. "शेंगू, बस. पेटी नको. बस हितं."

शेंगूला वाटले, बा संकोच करतो आहे. "आलोच बा," म्हणाला आणि हात सोडवून गेला.

खाली वखारीत त्याने कशासाठी लाकूड हवे ते सांगितले, तसा वखारवाला भारावला. असा मुलगा नशिबाने मिळतो, म्हणाला. ते ऐकून शेंगूला बरे वाटले, फारच बरे वाटले. मग या फळीला गाठ आहे, त्या फळीचा रंग फिका आहे, असे करत तो बसला. नवे लाकूड येईपर्यंत थांबला. सुताराकडून पेटीला दोनदा रंधा मारून घेतला. एका मुक्कामाचे काम लांबतच गेले.

इकडे लिमबाबापाशी शेजारची ठकूबाई बसून होती. म्हातारा डोळे मिटूनच विचारायचा, "आला?" ती म्हणायची, "घाटात हाय, येतोय." शेवटी त्याचा हात अंथरुणावर काही शोधू लागला, तेव्हा तिने आपला हात त्यात दिला. शेंगूच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण होता. म्हाताऱ्याने अंगठा चाचपला. वण लागला नाही. तरी त्याने तो हात झिडकारला नाही. परक्या बाईचे मन मोडू नये म्हणून हळूच थोपटला, आणि प्राण सोडला.

दुसऱ्या दिवशी गाडी चढावर आली. वाडी गोळा झाली होती. पिवळीधमक पेटी पाहून टर उडवणारेच म्हणू लागले, लेक असावा तर असा. शेंगूने मान वर केली, तर या पायरीपाशी ठकूबाई उभी.

"घावली का मनाजोगती फळी?" ती म्हणाली. "ती काय पळून चालली व्हती का रं? जाणारा तर हितं पडला व्हता." आणि तिने त्याला अंगठ्याची गोष्ट सांगितली.

शेंगूने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. मग तो याच पायरीवर गुडघ्यांवर कोसळला आणि तसाच दारापर्यंत गेला. जांभ्याने गुडघे सोलून निघाले. लोक उठवायला धावले, "ऊठ, तुझ्यासारखा लेक पंचक्रोशीत न्हाय." तेव्हा तो म्हणाला, "मला नावाजू नगा. मी तुमच्यासाठी गेलो व्हतो, बासाठी न्हाय."

काल हसले तेही आपणच, आज वाहवा करतोय तेही आपणच, हे सगळ्यांना उमगले.

लिमबाबाला त्याच पेटीत मळ्याच्या वरच्या अंगाला पुरले. गाडीत एक फळी उरली होती. शेंगूने तिचा पाट केला आणि वाडीच्या हवाली केला. तेव्हापासून इथे रीत पडली. कोणाची शेवटची घटका आली की तो पाट त्या घरी जातो आणि पोटच्या पोराने त्यावर बसून हात धरायचा. औषध आणायला, लाकडे आणायला, पाहुण्यांना कळवायला शेजारी धावतात. बसायचे घरच्यांनी, धावायचे बाहेरच्यांनी. आणि जो वेळेवर पोहोचला नाही, त्याने या पायरीपासून गुडघ्यांवर जायचे.

आजही पाट आहे. फणसाचा, बसून बसून काळा पडलेला. परवाच वरच्या आळीत गेला होता.

मघाशी तुमच्यातल्या ताई म्हणाल्या, एका माणसाच्या गुडघ्यांनी दगडाला एवढे खळगे कसे पडतील? बरोबर आहे, ताई. एकट्या शेंगूच्या गुडघ्यांनी ते पडलेले नाहीत. माझ्या लहानपणी त्यांत नुसती बोटाची पेरे बुडायची. आता वाटीभर पाणी राहते.